एक इंच ढील

दिवाळी अंकासाठी लिहायचे म्हणजे काहीतरी गोडधोड, खुसखुशीत लिहावे अशी वाचकांची अपेक्षा असते. संपादकांची तर असतेच असते. पण यंदा मी जे सांगायला बसलो आहे त्याला ना साजूक तुपाचा वास आहे, ना उटण्याचा. त्याला वास आहे डिझेलचा आणि नव्वद नंबरच्या गिअर ऑइलचा. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधीच्या रविवारी, आळीतल्या साऱ्या घरांतून चकलीचा घाणा निघत असताना, आमच्या घरच्या तीन पिढ्या अंगणात जुनी चादर पसरून मोटारसायकलची चेन बदलत बसल्या होत्या. तिथे जे घडले ते सांगितल्याखेरीज मला चैन पडणार नाही. (ही कोटी आमच्या सौभाग्यवतींनी त्या दिवशी चारदा केली. तेव्हा एकदा मलाही करू द्या.)

आमच्या घराची माहिती नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. आम्ही निगडीला, प्राधिकरणात राहतो. घर आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी बांधलेले. आप्पा आठवी शिकून, पुढे आयटीआयला फिटरचे काम शिकून, सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून १९६८ साली इकडे आले आणि आकुर्डीच्या स्कूटरच्या कारखान्यात चिकटले. तो काळच तसा होता. पिंपरीला १९५४ मध्ये पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि जिथे ज्वारी-बाजरी डोलत होती तिथे भोंगे वाजू लागले. बजाजांना दुचाकी आणि तीनचाकी वाहने बनवण्याचा परवाना १९५९ मध्ये मिळाला होता. १९७२ मध्ये त्यांची चेतक स्कूटर बाजारात आली आणि त्याच साली अस्मादिकही या जगात आले. दोघांपैकी कोणाची वाट लोकांनी अधिक पाहिली, हे सांगायला नकोच. स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत.

आता गंमत पाहा. ज्या आप्पांचे आयुष्य दुचाकी जोडण्यात गेले, त्यांनी कारखान्यात चेन म्हणून कधी हातात धरली नाही! कारण चेतकला चेन नव्हतीच. तिचे इंजिन मागच्या चाकाच्या शेजारीच, उजव्या कुशीला असे. इंजिनची ताकद दातेरी चक्रांतून थेट चाकाला मिळे. मध्ये साखळीचा दलाल नाही. गृहिणीने साडी नेसून मागे बसावे आणि पदराला तेलाचा डागही लागू नये, अशी ती सोज्वळ गाडी.

पण आप्पांना चेन ठाऊक होती ती सायकलची. चिंचवडहून आकुर्डीपर्यंत ते कित्येक वर्षे सायकलने गेले. पाळी सुटल्यावर कारखान्याच्या फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडे. लहानपणी मी आईचा हात धरून रस्त्याच्या कडेला उभा राही आणि त्या शेकडो घंट्यांतून आप्पांची घंटा ओळखण्याचा प्रयत्न करी. रविवारी सकाळी ते सायकल उलटी करून ठेवत, चेन काढत, रॉकेलच्या ताटलीत बुडवत, आणि मी जवळ जाऊन पान्याला हात लावला की म्हणत, "हात काळे करायचे नाहीत. ते माझं काम. तू पुस्तक धर."

मी पुस्तक धरले. बी.कॉम. झालो, बँकेत लागलो, यथाकाल अधिकारी झालो. हात पांढरे राहिले. इतके पांढरे, की दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आप्पांच्या हत्यारांच्या लोखंडी पेटीची पूजा होते तेव्हा मी आपला शेजारी पेन ठेवतो आणि त्याला गंध लावून घेतो.

आता तिसरी पिढी. आमची कन्या चोवीस वर्षांची. तिने मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि चाकणच्या एका कारखान्यात तपासणी विभागात नोकरी धरली. आमच्या लहानपणी चाकण म्हटले की दोनच गोष्टी आठवत. एक, शाळेच्या पुस्तकातला फिरंगोजी नरसाळा, ज्याने १६६० मध्ये शाइस्तेखानाच्या फौजेला चाकणच्या भुईकोटाशी जवळजवळ दोन महिने झुंजवले. दुसरी, बाजारातला कांदा. १९९९ मध्ये बजाजांनी तिथे मोटारसायकलींचा कारखाना काढला, २००१ मध्ये पल्सर आली, आणि पाठोपाठ देशोदेशींच्या कंपन्या चाकणच्या माळावर उतरल्या. इकडे आकुर्डीचे उत्पादन २००७ मध्ये थांबले. आप्पा त्याआधी तीन वर्षे निवृत्त झाले होते, तरी त्या दिवशी ते जेवले नाहीत. पुढे चेतक हे नाव २०२० मध्ये विजेवरच्या स्कूटरच्या रूपाने परत आले आणि २०२२ मध्ये आकुर्डीला त्या स्कूटरचा कारखानाही सुरू झाला. आप्पांनी ती पेपरातली बातमी कापून हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली आहे.

तर कन्येची पाळी दुपारी तीन ते रात्री साडेअकरा. आप्पांच्या उमेदीच्या काळात हे घडलेच नसते. १९४८ च्या कारखाने कायद्याने बायकांना संध्याकाळी सातनंतर कारखान्यात कामाला ठेवायला मनाई होती. महाराष्ट्रात ती पुढे शिथिल झाली. कंपनीची बस आहे, पण ती साऱ्या पिंपरी-चिंचवडला प्रदक्षिणा घालत पाऊण-एक वाजता निगडीला टेकते. म्हणून हिने माझी जुनी दीडशे सीसीची मोटारसायकल ताब्यात घेतली. स्पाइन रोडने मोशी, इंद्रायणीचा पूल ओलांडून नाशिक रस्त्याने चाकण. जाऊन-येऊन चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. सौ.चा याला विरोध, माझा मूक विरोध. आप्पा काही बोलत नसत. फक्त रात्री ती येईपर्यंत ओट्यावर बसून असत.

गेल्या वर्षी दसरा झाल्यावर चार दिवसांनी, रात्री पावणेबाराला फोन वाजला. "बाबा, चेन उतरली. मोशीच्या पुलाच्या अलीकडे आहे. घाबरू नका."

'घाबरू नका' या शब्दांनी माणूस जितका घाबरतो तितका दुसऱ्या कशानेही घाबरत नाही. मी स्कूटर काढली आणि गेलो. रस्त्याच्या कडेला, बंद टपरीच्या आडोशाला, कन्या गाडीशेजारी उकिडवी बसली होती. बाजूने कंटेनरचे ट्रक असे धडधडत जात होते की पायाखालची जमीन हलत होती. पुलावर वेग कमी होता म्हणून वाचली. वेगात असताना उतरलेली चेन चाकात अडकली तर मागचे चाक जागच्या जागी जखडते, आणि मग पुढचे बोलवत नाही.

मी तिथे पोहोचलो खरा, पण करणार काय? जन्म एका फिटरच्या घरात, आणि चेन चढवायची कशी ते ठाऊक नाही. मी मोबाइलचा दिवा धरून उभा राहिलो. तिने स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने चेन खालच्या दातांवर टेकवली, चाक हळूच फिरवले, आणि चेन चढली. मध्येच म्हणाली, "बाबा, दिवा नीट धरा ना. हात का हलतोय तुमचा?"

घरी आलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. आप्पा ओट्यावर होते. त्यांनी काही विचारले नाही. गाडी डबल स्टँडवर घ्यायला सांगितली, चेनला खालून बोट लावले आणि मागच्या दातेरी चक्रावरून अंगठा फिरवला. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, त्यामुळे त्यांचे पाहणे हल्ली बोटांनीच चाले. म्हणाले, "दात वाकलेत, वाघनखांसारखे झालेत. नुसती चेन बदलून भागायचं नाही. सगळा संच बदलायला हवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सौ.ने निकाल जाहीर केला, "अहो, ती गाडी विकून टाका. बसने जाऊ दे, नाहीतर तुमच्या बँकेत काहीतरी बघा तिच्यासाठी." मीही या वेळी मूक राहिलो नाही. "आईचं बरोबर आहे," म्हणालो. "नोकरी करायला आमची ना नाही. पण रात्रीची ही दगदग नको."

कन्येने चहाचा कप खाली ठेवला. "चेन झिजली म्हणून नोकरी सोडू?"

याला उत्तर नव्हते, म्हणून मी आवाज चढवला. तिनेही चढवला. शेवटी ती उठून आत गेली, आणि दोन दिवस घरात कामापुरते बोलणे राहिले. दिवाळीच्या तोंडावर घरात अबोला म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नकोच. लाडूसुद्धा वळले जात नाहीत, नुसते दाबले जातात.

रविवारी सकाळी आप्पांनी फतवा काढला, "आधी चेन बदलू. भांडण मग करा." आदल्या दिवशी कन्येने संच आणून ठेवलाच होता. चेन, पुढचे लहान चक्र आणि मागचे मोठे. गॅरेजवाले ज्याला 'चेन-सॉकेट' म्हणतात तो. चेन तयार झाली होती कोइमतूरला, बसणार होती चाकणच्या वाटेवरच्या गाडीला. अंगणात चादर पसरली. गाडी डबल स्टँडवर चढली, गिअर न्यूट्रलमध्ये आला. आप्पांनी हात पुढे केला. "किल्ली."

किल्ली त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली आणि वरून खिशाचे बटण लावले. "इंजिन चालू ठेवून चेनला हात लावायचा नाही. फडकं धरून चेन पुसायला गेला आणि दोन बोटांची पेरं देऊन बसला, असा एक आमच्या पाळीत होता. चेन फडकं ओढते, फडकं बोट ओढतं. चाक फिरवायचं ते हातानं."

त्यानंतर तासभर मी जे पाहिले ते वाचकांच्या उपयोगाचे आहे म्हणून सांगतो. कन्येने गिअरचा दांडा आणि इंजिनवरचे झाकण काढले. आत पुढचे लहान चक्र. मी आदल्या रात्री थोडे वाचून ठेवले होते. म्हणालो, "नवी चेन जुनीला जोडून ओढली की आपोआप आत जाते म्हणे." कन्या म्हणाली, "पुढचं चक्रही काढायचंय ना, बाबा." मी गप्प बसलो. आप्पा म्हणाले, "पुढचे बोल्ट आत्ताच सैल कर, चेन असतानाच. तुझ्या बाबाला मागचा ब्रेक दाबून धरू दे. चेन काढल्यावर ते चक्र नुसतं गरगर फिरेल, बोल्ट सुटायचे नाहीत." मी ब्रेक दाबला. माझ्या आयुष्यातले हे पहिले यांत्रिक काम.

मग मागच्या आसाचा नट सैल झाला, दोन्ही बाजूंचे ताण देण्याचे स्क्रू सैल झाले, पकडीने चेनचे लॉक निघाले, आणि जुनी चेन सळसळत चादरीवर आली. आप्पा म्हणाले, "दोन्ही शेजारी-शेजारी ठेवा. आणि कड्या मोजा. दुकानदारानं दुसऱ्याच गाडीची दिली असेल तर आत्ता कळलेलं बरं."

इथे मात्र माझी तीस वर्षांची नोकरी कामी आली. नोटा मोजाव्यात तशा मी कड्या मोजल्या. जुन्या १२०, नव्या १२०. पण काय आश्चर्य! जुनी चेन नवीपेक्षा दीड इंच लांब! मी पुन्हा मोजल्या. पुन्हा तेच. मी म्हणालो, "लोखंड ताणलं गेलं म्हणायचं."

"लोखंड नाही ताणलं जात," आप्पा म्हणाले. कन्येने मग चेन हातात घेऊन मला समजावले. प्रत्येक सांध्यात एक पिन, पिनेवर एक नळी म्हणजे बुश, त्यावर फिरणारा रोलर, दोन्ही बाजूंना पट्ट्या. ही रचना हान्स रेनॉल्ड नावाच्या मूळच्या स्विस गृहस्थाने १८८० मध्ये इंग्लंडातल्या मँचेस्टरला केली आणि ती आजही तशीच चालू आहे. चेनच्या पट्टीवर ४२८ हा आकडा होता. त्यातला पहिला चार म्हणजे चार अष्टमांश, म्हणजे दोन पिनांमध्ये अर्धा इंच. वीस कड्यांचे माप नेमके दहा इंच भरले पाहिजे. जुनीचे सव्वादहा भरले. पिन आणि बुश यांचे घासून घासून मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याइतके अंतर वाढले होते. एका सांध्याचे बघायला गेले तर डोळ्यांना दिसत नाही. एकशे वीस सांध्यांचे मिळून दीड इंच. घरातल्या कुरबुरींचा हिशेबही असाच असतो, असे माझ्या मनात आले, पण मी बोललो नाही. अजून अबोला पुरता सुटला नव्हता.

आणि अशी लांबलेली चेन दातांवर नीट बसत नाही, दातांच्या टोकाकडे सरकते आणि त्यांनाही वाकवते. पुढचे लहान चक्र मागच्याच्या जवळजवळ तिप्पट फेरे मारते, म्हणून त्याचे दात आधी जातात. त्या वाकड्या दातांवर नवी कोरी चेन चढवली तर थोड्याच दिवसांत ती चेनही बिघडते. पैसे वाचवायला जाणारा माणूस दुप्पट घालवतो तो इथेच.

मागचे चाक निघाले, नवे मोठे चक्र बसले, चाक परत गेले. नवी चेन पुढच्या चक्रावरून घेऊन तिची दोन्ही टोके मागच्या चक्राच्या दातांवर आणली. दातच ती टोके धरून ठेवतात, ही युक्ती आप्पांची. आता उरले लॉक. सांध्याची कडी आतून घालायची, बाहेरून पट्टी, आणि पट्टीवर ती इवलीशी पोलादी चिमटी. आप्पांनी कन्येच्या हातातली पकड घेतली आणि माझ्यापुढे धरली.

"हे तू लाव."

"मी?"

"तू. मागं कधी लावू दिलं नाही ना मी."

एवढेच बोलले. मी त्यांच्याकडे पाहिले. ते चेनकडे पाहत होते, म्हणजे जिथे चेन असावी असे त्यांना वाटत होते तिकडे. मी पकड घेतली. चिमटी तीनदा सुटून चादरीवर पडली, एकदा तुळशीवृंदावनापाशी सापडली. चौथ्या खेपेला टिक् असा आवाज होऊन ती बसली. बँकेच्या परीक्षेत पास झालो तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता.

आप्पांनी खाली वाकून लॉकवरून बोट फिरवले. चेहऱ्यावर काही नाही. पुन्हा फिरवले. म्हणाले, "उलटं लागलंय."

मला काहीच समजेना. "बसलंय की घट्ट!"

"घट्ट बसलंय, पण उलटं. ते माशासारखं असतं बघ. एका बाजूला बंद तोंड, दुसरीकडे फाटलेली शेपूट. मासा पोहतो कसा? तोंड पुढं, शेपूट मागं. चेन ज्या दिशेला धावते तिकडं बंद बाजू हवी. वरची चेन चाकाकडून इंजिनाकडं जाते. उघडी बाजू पुढं राहिली आणि कशाला घासली, तर चिमटी उडून जाते. चिमटी गेली की पट्टी जाते, पट्टी गेली की चेन. आणि कुठं जाईल? तुमच्या त्या मोशीच्या पुलावर."

अंगणात क्षणभर कोणीच बोलले नाही. स्वयंपाकघराच्या दारात सौ. कधी येऊन उभी राहिली होती ते आम्हाला कळले नव्हते. डोळ्यांनी मी पाहत होतो, कन्या पाहत होती. दिसले ते फक्त आप्पांच्या बोटाला. मी लॉक काढून पुन्हा लावले. तोंड पुढे, शेपूट मागे. आप्पांनी पुन्हा बोट फिरवले आणि मान हलवली.

शेवटचे काम ताण देण्याचे. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवत कन्या स्क्रू फिरवू लागली. मला वाटले, उतरलेल्या चेनचा अनुभव ताजा आहे, तेव्हा चांगली करकचून आवळावी. तसे मी म्हणालोही, "आण अजून घट्ट. पुन्हा उतरायला नको."

आप्पा म्हणाले, "नको. खालच्या बाजूला मधोमध बोट लावून वर-खाली कर. इंचभर हलली पाहिजे. एक इंच ढील."

"पण ढिली होती म्हणूनच उतरली ना?"

"फार ढिली होती म्हणून उतरली. फार घट्ट केलीस तर तुटेल. गाडीवर माणूस बसलं, खड्ड्यात चाक आदळलं, की मागचं चाक वर-खाली होतं. दोन चक्रांतलं अंतर तेव्हा बदलतं. त्या वेळी द्यायला तिच्यापाशी काही नको का? ढील नसेल तर ती बेअरिंग खाते, नाहीतर स्वतः जाते. स्टँडवर उभी असलेली गाडी बघून ताण द्यायचा नसतो. रस्त्यावर धावायची आहे हे लक्षात ठेवून द्यायचा."

कन्या पाना हातात धरून माझ्याकडे पाहत होती. सौ. दारातून माझ्याकडे पाहत होती. आप्पा कोणाकडेच पाहत नव्हते. हे सारे ते चेनविषयीच बोलत होते, याबद्दल मला आजही शंका नाही. ते मोजके बोलणारे गृहस्थ आहेत, त्यांना रूपके सुचत नाहीत. रूपके सुचतात ती आमच्यासारख्या पुस्तक धरलेल्यांना. आणि ती सुचली की खाली मान घालावी लागते.

मी म्हणालो, "बरं. एक इंच ठेव."

मग थोडे थोडे चाक फिरवून चार ठिकाणी ढील तपासली, आसाचा नट पक्का केला, पुन्हा एकदा ढील पाहिली, कारण नट आवळताना ताण बदलतो. आतल्या बाजूने तेल सोडले आणि जादा तेल फडक्याने टिपून घेतले. आप्पांनी खिशाचे बटण काढून किल्ली नातीला दिली. "पाचशे किलोमीटर झाले की परत ताण बघायचा. नवी चेन आधी थोडी बसते. घरात नवं माणूस आलं की बसतं तशी."

हात धुवायला मी मोरीत गेलो तेव्हा नखांत काळे भरले होते. सौ. म्हणाली, "ते बेसन लावा, निघेल." मी लावले नाही. सोमवारी बँकेत तसाच गेलो. शेजारच्या टेबलवाल्याने विचारले, "साहेब, नखांना काय झालं?" मी म्हटले, "चेन बदलली." त्याला वाटले मी सोन्याची म्हणतो आहे.

सोमवारी रात्री कन्या पाळीवर होती. बारा वाजता मी पेपर वाचत बैठकीत बसलो होतो. पेपर सकाळचाच होता. आप्पा ओट्यावर. थोड्या वेळाने मी पेपर ठेवला आणि बाहेर जाऊन त्यांच्या शेजारी बसलो. आम्ही दोघे असे बसल्याला किती वर्षे झाली असतील कोण जाणे. बोललो काहीच नाही. बारा वाजून दहा मिनिटांनी आप्पांनी मान वर केली. मला काही ऐकू येत नव्हते. मग कोपऱ्यावर दिवा वळला. जुनी चेन चालताना खडखड करत असे. ही नुसती सरसर आली.

"आली," आप्पा म्हणाले आणि काठी घेऊन उठले.

त्या गोष्टीला आता वर्ष होईल. गाडी विकली नाही. चेन तेरा हजार किलोमीटर चालली आहे. दर पाचशेला तेल आणि ताण, हे काम माझ्याकडे आहे. गेल्या रविवारी वीस कड्या मोजल्या, दहा इंच आणि वर केसभर. आप्पांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मार्गशीर्षात झाली. पट्टी सुटल्यावर त्यांनी प्रथम नातीचे तोंड पाहिले, मग सुनेचे आणि माझे. घरी आल्यावर चहा घेण्याआधी ते अंगणात गेले, गाडीपाशी उकिडवे बसले, आणि लॉक डोळ्यांनी पाहून घेतले.

या खंडेनवमीला त्यांच्या पेटीतला बारा-तेराचा पाना त्यांनी स्वतःहून काढून माझ्या पेनाशेजारी ठेवला. गंध मीच लावले.

वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत गाडी धुवायला काढाल तेव्हा एकदा चेनला खालून बोट लावून पाहा. किल्ली आधी खिशात टाका. आणि ताण देताना इंचभर ढील राहू द्या.